३० लाख म्हणजे नक्की किती? घटस्फोटाच्या कागदावर सही करण्याआधी

पत्र, थोडं कापून:

"वय ३९, लग्नाला १५ वर्षं, मुलगी ११ वर्षांची. कोल्हापुरातच एका खाजगी कॉलेजात शिकवते, हातात महिना ४५,००० येतात. मिस्टरांचं शिरोली एमआयडीसीत जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. दीड वर्ष झालं मी मुलीला घेऊन माहेरी आहे. भांडणं करून आता दोघंही दमलोय, संमतीनेच वेगळं व्हायचं ठरलंय. फ्लॅट दोघांच्या नावावर, २०१४ ला २४ लाखाला घेतलेला, आज ४५ च्या आसपास जातोय, लोन १६ लाख बाकी. सासरकडून दोन पर्याय आलेत. एक, ३० लाख एकरकमी, १८ चेकने १२ रोख, फ्लॅट त्यांना सोडायचा, माझे दागिने त्यातच धरलेत. दुसरा, फ्लॅट मला, पण राहिलेलं लोन मी फेडायचं आणि महिना २०,००० पोटगी. भाऊ म्हणतोय ३० लाख घे आणि मोकळी हो. पोटगीवर टॅक्स लागतो का? शिवाय वर्कशॉपच्या पार्टनरशिपमध्ये माझं नाव आहे पण नुसतं कागदावर, आणि त्यांच्या पतसंस्थेच्या एका कर्जाला मी जामीन आहे. त्याचं काही करावं लागतं का?"

ताई, टॅक्सचं तुम्ही आधी विचारलंय आणि जामीनकीचं शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं. माझ्या मते क्रम उलटा पाहिजे. पण त्या दोन्हीच्या आधी मला ते ३० लाखच खटकले, म्हणून पहिल्यांदा ते इस्कटून सांगते.

फ्लॅट ४५ चा, लोन १६ चं, म्हणजे आज विकला तर हातात २९ लाख राहतात. नाव दोघांचं, हप्ते दोघांच्या कमाईतून गेलेत, अर्धा हिस्सा धरला तर त्यातले साडेचौदा लाख आधीच तुमचे आहेत. आता पहिला पर्याय परत वाचा. ते ३० देणार आणि तुम्ही तुमचा अर्धा फ्लॅट सोडणार. म्हणजे ३० मधले साडेचौदा तुमचेच पैसे तुम्हाला परत मिळणार आणि खरी पोटगी साडेपंधरा. त्यात दागिनेही धरलेत म्हणताय, तर दागिन्यांची किंमत आणखी वजा करा. १५ वर्षांपूर्वीच्या लग्नातलं सोनं, साज, पाटल्या, बांगड्या, मंगळसूत्र असं मिळून १५ तोळे जरी असेल तरी आजच्या भावात ती रक्कम किती होते ते गुजरीत, आपल्या सराफ बाजारात, कुणालाही विचारा, मग पोटगी म्हणून काही उरतंय का ते तुम्हीच बघा. १५ वर्षं संसार आणि पुढे मुलीचं शिक्षण, यासाठी.

भाऊ वाईट सांगत नाहीय, त्याला तुमची सुटका दिसतेय. पण ३० हा आकडा ऐकायला गोल आहे म्हणून तो मोठा वाटतोय एवढंच.

दुसरा पर्याय याच मापाने मोजा. फ्लॅट पूर्ण तुमच्या नावावर आला की त्यांच्या हिश्श्याचे साडेचौदा लाख तुम्हाला मिळाले, वर महिना २०,०००. उरलेलं १६ लाखाचं लोन साडेआठ टक्क्याने १५ वर्षांसाठी धरलं तर हप्ता साधारण पावणेसोळा हजार बसतो, म्हणजे पोटगीतून हप्ता सुटून चार हजार उरतात आणि पगार जसाच्या तसा. हे पहिल्यापेक्षा बरं आहे, पण त्याची सगळी भिस्त दर महिन्याला २०,००० खरंच येणार यावर आहे आणि ती १५ वर्षांची गोष्ट आहे, मधे वर्कशॉप मंदावलं, त्यांचं दुसरं लग्न झालं, डोकं फिरलं, की तुमचा हप्ता तुमच्याच पगारातून. पोटगी थकली तर कोर्टात वसुली लावता येते, येतेच, पण ती करणाऱ्या बायकांना विचारा किती चपला झिजल्या.

मी असते तर तिसरा पर्याय समोर ठेवला असता. त्यांना ३० लाख खरंच द्यायचेत ना? मग त्यांनी बँकेचं १६ लाखाचं लोन स्वतः थेट लोन खात्यात भरून बंद करावं, आणि त्यांचा अर्धा हिस्सा तुमच्या नावावर करून द्यावा. १६ आणि साडेचौदा, झाले साडेतीस. हे खरे ३० लाख. महिन्याची पोटगी तुमच्यासाठी नको म्हणा हवं तर, मुलीच्या खर्चाची तेवढी वेगळी ठेवा. ते लगेच हो म्हणतील असं नाही, पण बैठकीत हा हिशोब मांडला की ३० लाखाची हवा जाते आणि खरी बोलणी सुरू होतात.

एक गोष्ट मात्र डोक्यातून काढून टाका, की कायद्याने नवऱ्याच्या प्रॉपर्टीत बायकोचा आपोआप अर्धा वाटा असतो. व्हॉट्सॲपवर हे सारखं फिरत असतं. आपल्याकडे तसं नाही, ज्याच्या नावावर त्याचं, आणि पोटगी किती ते कोर्ट दोघांची परिस्थिती बघून ठरवतं. गोव्यात पोर्तुगीजांच्या वेळच्या कायद्यामुळे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात. आंबोलीचा घाट उतरला की गोवा आलाच, पण तो कायदा घाट चढून इकडे येत नाही. म्हणून तर तुमचं नाव असलेला तो अर्धा फ्लॅट इतका मोलाचा आहे, तो 'सोडायचा' हा शब्द एवढ्या सहज वापरू देऊ नका.

आता टॅक्स. नवीन आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झालाय, कलमांचे नंबर सगळे बदललेत, म्हणून नंबर मुद्दाम देत नाही, तत्त्व तेच आहे. एकरकमी पोटगी ही भांडवली रक्कम धरली जाते, तिच्यावर टॅक्स नाही. दर महिन्याला मिळणारी पोटगी हे उत्पन्न, ते रिटर्नमध्ये दाखवायचं. हे कायद्यात कुठे एका ओळीत लिहिलेलं नाही, मुंबई हायकोर्टाच्या १९८० च्या दशकातल्या एका निकालात एकरकमी आणि मासिक असा फरक केलाय आणि आपण त्याच हायकोर्टाखाली येतो. देणाऱ्याला मात्र दोन्हीकडे वजावट नाही, म्हणजे मिस्टर कुणाला सांगत असतील की 'पोटगी देऊन माझा टॅक्स वाचेल' तर तसं काही होत नाही.

पण तुमच्या बाबतीत या फरकाने घाबरायचं कारण नाही. पगार वर्षाला ५ लाख ४० हजार, पोटगीचे २ लाख ४० हजार, झाले ७ लाख ८०. नवीन रेजिममध्ये १२ लाखापर्यंतच्या उत्पन्नाला रिबेट, म्हणजे टॅक्स माफी आहे, पगारदाराला ७५,००० ची स्टँडर्ड डिडक्शन वर, त्यामुळे महिन्याची पोटगी घेतली तरी तुमचा टॅक्स शून्यच येतो. फक्त रिटर्नमध्ये दाखवा, लपवू नका, त्यांच्या खात्यातून तुमच्या खात्यात दर महिन्याला पैसे येतायत हे लपत नसतंय. सांगायचा मुद्दा हा की टॅक्स लागतो म्हणून मासिक नको, हे कारण तुमच्याकरता खोटं आहे. मासिक नको म्हणायचं असेल तर ते वसुलीच्या धाकासाठी म्हणा. आणि मासिक पोटगी परिस्थिती बदलली की कोर्टातून कमीजास्त करून घेता येते, तुम्ही दुसरं लग्न केलं तर बंद होऊ शकते. एकरकमी एकदा आली की आली.

एकरकमी तीन-चार हप्त्यांत देतो म्हणाले तर चालेल, पण कागदावर शब्द 'कायमस्वरूपी पोटगीची एकूण रक्कम अमुक, ती पुढीलप्रमाणे हप्त्यांत' असे पाहिजेत, 'दरमहा' किंवा 'दरवर्षी' असं कुठे घुसू देऊ नका. शेवटचा हप्ता दुसऱ्या मोशनच्या दिवशी, म्हणजे कोर्ट दुसऱ्यांदा तुमची दोघांची संमती नोंदवतं त्या दिवशी, डीडीने, कोर्टात. नंतरच्या तारखेचे चेक घेऊन घरी यायचं नाही.

आणि ते १२ लाख रोख. नाही म्हणजे नाही. एका व्यवहारापोटी २ लाख किंवा जास्त रोख घेतली तर दंड घेणाऱ्याला आहे, देणाऱ्याला नव्हे, आणि दंड तेवढ्याच रकमेचा. १२ लाख घेतले तर १२ लाख दंड. तुकडे करून घेतले तरी एकाच कारणासाठीचे म्हणून एकत्रच मोजतात. शिवाय रोख रक्कम कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या तडजोडीच्या लेखी अटींत, लिहिता येत नाही, म्हणजे दिले नाहीत तर मागायचे कशाच्या जोरावर? वर तुम्ही ते बँकेत भरले की 'कुठून आले' हा प्रश्न तुम्हाला येणार, त्यांना नाही. त्यांचा काळा पैसा पांढरा करायची जबाबदारी घटस्फोट घेताना तरी अंगावर घेऊ नका. जुने जाणते बैठकीत म्हणतील 'आपल्या घरातलाच विषय आहे', त्यांना हसून चहा द्या आणि आरटीजीएस म्हणा.

फ्लॅट नावावर करून घेण्यात तारखेला फार किंमत आहे. डिक्री, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम, व्हायच्या आधी तुम्ही त्यांच्या पत्नी आहात. निवासी घर नवऱ्याने बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर अधिभार आणि नोंदणीचा खर्च जो असेल तो. डिक्री झाल्यावर तुम्ही पत्नी नाही, ती सवलत गेली, मग बाजारभावावर टक्क्यांत शुल्क, नेहमीच्या खरेदीखतासारखं. टॅक्सचंही तसंच, नवरा हा कायद्याने नातेवाईक, त्याच्याकडून काहीही मिळालं तरी टॅक्स नाही, पण आधीचा नवरा नातेवाईक नसतो आणि परक्याकडून ५०,००० च्या वरची मालमत्ता फुकट मिळाली तर ती तुमचं उत्पन्न धरता येते. अर्थात पोटगीचा हक्क सोडल्याच्या बदल्यात मिळाली, फुकट कुठे, असा वाद घालता येतो आणि तो वाजवी आहे, पण २२ लाखाच्या हिश्श्यावर वाद घालत बसायची वेळ आपण का आणायची, तारीख आपल्या हातात असताना?

मिस्टरांचे वकील म्हणतील, आधी फ्लॅट दिला आणि ताई दुसऱ्या मोशनला आल्याच नाहीत तर? त्यांची भीती खरी आहे, संमती मागे घेता येते. म्हणून दस्त दुसऱ्या मोशनच्या आधीच्या आठवड्यात करायचा, त्यात स्पष्ट लिहायचं की वेगळं राहण्याच्या करारापोटी हे हस्तांतरण आहे आणि अमुक कोर्टातल्या अमुक अर्जातल्या कन्सेंट टर्म्सप्रमाणे आहे. हे वाक्य दोघांच्याही फायद्याचं. नाहीतर नवऱ्याने बायकोला फुकट दिलेल्या घराचं भाडं किंवा उत्पन्न नवऱ्याच्याच रिटर्नला जोडलं जातं, वेगळं राहण्याच्या करारापोटी दिलं असेल तर जोडलं जात नाही. हे त्यांच्या सीएला सांगा, तो लगेच मान डोलवेल.

बँकेचं विसरू नका. कन्सेंट टर्म्समध्ये 'लोन अमुक फेडेल' असं लिहिलं म्हणून बँकेवर ते बंधनकारक नाही, बँकेच्या लेखी तुम्ही दोघंही पूर्ण लोनचे देणेकरी. दुसरा पर्याय घेणार असाल तर लोन एकट्या तुमच्या नावावर ४५,००० पगारावर बसतंय का ते आधी बँकेत विचारा आणि मिस्टरांचं नाव काढल्याचं पत्र घ्या. पहिला घेतला आणि लोनवर तुमचं नाव तसंच राहिलं तर आणखी वाईट, घर त्यांचं, हप्ता चुकला की सिबिल तुमचा. गहाण असलेल्या फ्लॅटचं बक्षीसपत्रही बँकेच्या एनओसीशिवाय करता येत नाही. लोन पहिल्यांदा बंद, मग दस्त, हा तिसऱ्या पर्यायाचा आणखी एक फायदा.

पुढे कधी तो फ्लॅट विकला तर खरेदीची किंमत २०१४ ची धरतील, तुम्हाला मिळाला त्या दिवसाची नव्हे. २४ चा ४५ ला विकला तर नफा २१ लाख, त्यावर साडेबारा टक्के आणि सेस म्हणजे साधारण पावणेतीन लाख. हा जास्तीचा आकडा समजा, २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेल्या घराला महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांचा पर्यायही आहे आणि त्याने बराच कमी होऊ शकतो, दुसरं घर घेतलं तर माफही होतो. पण १२ लाखाचं ते रिबेट या नफ्याला लागत नाही हे ध्यानात ठेवा. घर विकायचा विचार नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या. आणि उलट बाजू, पहिल्या पर्यायात तुमचा हिस्सा पैसे घेऊन सोडला तर हा नफ्याचा प्रश्न तुमच्याच गळ्यात येऊ शकतो, कारण ३० मधला काही भाग घराची किंमत म्हणून दिसणार.

दागिने. माहेरून आलेलं, सासरकडून अंगावर घातलेलं, आहेर म्हणून मिळालेलं, हे सगळं स्त्रीधन, त्यावर हक्क एकट्या तुमचा, सुप्रीम कोर्टाने १९८५ सालीच सांगितलंय. ते पोटगीत 'धरता' येत नाही, जसा तुमचा पगार पोटगीत धरता येत नाही. सासूबाईंच्या लॉकरमध्ये असेल तर लग्नातले फोटो काढा, गुजरीतल्या पावत्या वडिलांच्या ट्रंकेत असतील बघा, नगाप्रमाणे वजनासकट यादी करा आणि ती यादी कन्सेंट टर्म्सला जोडा, 'दागिने परत मिळाले' असं नुसतं एक वाक्य नको. तुमचंच सोनं परत मिळण्यावर कसलाच टॅक्स नाही. विवाहित बाईकडचं ५०० ग्रॅमपर्यंतचं सोनं धाडीतसुद्धा जप्त करू नये अशी १९९४ ची सूचना आहे, तुमचं त्यात बसतंय. मोडलं मात्र, तर नफ्यावर टॅक्स आहे, आणि जुनं देऊन नवीन घेतलं तरी ते मोडणंच, बायकांना हे सांगितलं की विश्वास बसत नाही.

आता तुम्ही शेवटी ठेवलेलं. पार्टनरशिपमध्ये 'नुसतं कागदावर' नाव असं काही नसतं ताई. फर्मच्या देण्याला प्रत्येक पार्टनर स्वतःच्या मालमत्तेनिशी जबाबदार, वर्कशॉपचं तोंड कधी बघितलं नसलं तरी. शिरोली, गोकुळ शिरगाव, हातकणंगले, सगळीकडे घरच्या बायकांची नावं अशीच टाकलेली असतात, टॅक्स वाटून जावा म्हणून, आणि रिटर्नही त्यांचाच माणूस भरतो. तुमचं रिटर्न कोण भरतं? आयकर पोर्टलवर मोबाईल नंबर कुणाचा आहे? आज घरी गेल्यावर पहिलं काम, पॅन टाकून लॉगिन करा, पासवर्ड माहीत नसेल तर आधार ओटीपीने बदला, मोबाईल आणि ईमेल तुमचा टाका. मग तिथेच एआयएस, म्हणजे तुमच्या पॅनवर नोंदलेल्या उत्पन्नाचा आणि व्यवहारांचा उतारा, उघडा. एप्रिल २०२५ पासून फर्मने पार्टनरला वर्षाला २०,००० च्या वर पगार किंवा व्याज दिलं तर १० टक्के टीडीएस कापावा लागतो, त्यामुळे कागदावर तुम्हाला काय काय 'दिलंय' ते तिथे दिसेल. तुमच्या खात्यात न आलेला पैसा तुमच्या नावावर उत्पन्न म्हणून दिसला तर तो बैठकीत बोलायचा मुद्दा आहे.

फर्मचा ताळेबंद मागा, पार्टनर म्हणून तो बघायचा तुम्हाला हक्क आहे, उपकार नाही. त्यात तुमच्या नावापुढे कॅपिटल किती दिसतंय? १० लाख जमा दिसत असतील तर ते १० लाख तुमचे, घटस्फोटाच्या ३० मध्ये तेही गुपचूप मिटवले जातायत. उणे दिसत असेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं. ते बघितल्याशिवाय रिटायरमेंट डीडवर, म्हणजे पार्टनरशिपमधून बाहेर पडण्याच्या कागदावर, 'संपूर्ण हिशोब मिळाला' असं लिहून सही करू नका. आणि नुसत्या डीडने सुटका होत नाही, रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे बदल नोंदवायचा, पेपरात आणि राजपत्रात जाहीर नोटीस द्यायची, बँकेत कॅश क्रेडिट असेल तर तिथली तुमची हमी रद्द झाल्याचं पत्र घ्यायचं, आणि जीएसटी. जीएसटीचं खास सांगते कारण इथे बरेच जण फसतात. पार्टनर बाहेर पडल्यावर एक महिन्याच्या आत खात्याला लेखी कळवायचं, नाही कळवलं तर जेव्हा कळवाल त्या दिवसापर्यंतच्या थकबाकीची जबाबदारी चालूच राहते. मिस्टर करतील म्हणून सोडू नका, तुम्ही स्वतः कळवू शकता, पोच घ्या आणि पोच जपून ठेवा.

जामीनकीला घटस्फोट माहीतच नसतो. कर्जदार आणि जामीनदार यांची जबाबदारी कायद्याने सारखीच, संस्थेला आधी कर्जदाराकडे जायचं बंधन नाही. कर्ज थकलं की सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो आणि त्यात जामीनदाराचंही नाव असतं. पगारदार जामीनदाराकडून संस्था बहुतेक वेळा पगारातून कपातीचं पत्र आधीच लिहून घेतात, तुम्ही कर्जाच्या वेळी सह्या केलेल्या कागदांत ते आहे का बघा, बघितलं नसेल तर संस्थेत अर्ज देऊन नकला मागा. सुटायचा रस्ता एकच, संस्थेने दुसरा जामीनदार घेऊन तुम्हाला मुक्त केल्याचं लेखी पत्र, किंवा कर्जच पूर्ण फेडल्याचा नाहरकत दाखला. 'मिस्टर फेडतील, ताईंवर जबाबदारी येणार नाही' हे कन्सेंट टर्म्समधलं वाक्य पतसंस्थेला लागू नाही, त्याने फार तर तुम्ही भरलेले पैसे नंतर मिस्टरांकडून मागता येतील. हे पत्र दुसऱ्या मोशनच्या आधी हातात पाहिजे. नंतर त्यांना घाई नसते.

यासाठी वेळ आहे. वर्षाच्या वर वेगळं राहताय, त्यामुळे अर्ज लगेच करता येईल, पहिल्या आणि दुसऱ्या मोशनमध्ये सहा महिने असतात. २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ते माफ करून घेता येतात आणि वकील विचारतीलही, करून टाकू का म्हणून. वरची पत्रं, दस्त, पैसे सगळं झालं असेल तर खुशाल करा. नसेल तर ते सहा महिने तुमच्या कामाचे आहेत. हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच आलंय, अपिलाला मुंबई गाठायला नको हे खरं, पण संमतीच्या घटस्फोटात तिथपर्यंत जायची वेळ येते ती असले कागद अर्धवट ठेवल्यानेच.

मुलीचं थोडक्यात. तिचा खर्च तुमच्या पोटगीपासून वेगळा लिहून घ्या, दरवर्षी अमुक टक्के वाढ, बारावीनंतरच्या शिक्षणाचा वाटा वेगळा. 'मुलीचा वडिलांच्या मालमत्तेवर कसलाही हक्क राहणार नाही' असलं वाक्य मसुद्यात दिसलं तर तिथेच खोडा, वडिलोपार्जित मिळकतीत तिचा हक्क जन्माने आहे, आई-वडील वेगळे झाले म्हणून तो जात नाही आणि तो सोडायचा अधिकार तुम्हालाही नाही. तिच्या नावावर एफडी करून देतो म्हणाले तर जरूर घ्या पण व्याज कुणाच्या रिटर्नला जाईल ते माहीत असू दे. लग्न टिकून असताना अज्ञान मुलाचं उत्पन्न आई-बापापैकी जास्त कमावणाऱ्याला जोडतात, लग्न मोडल्यावर जो सांभाळतो त्याला, म्हणजे तुम्हाला. सुकन्या खातं असेल तर त्याचं व्याज करमुक्त, तिथे पैसे टाकायला लावा, वर्षाला दीड लाखापर्यंत बसतात, आणि खात्याला पालक वडील असतील तर पोस्टात जाऊन बदलून घ्यायचं बघा.

पीएफ, बँक, एलआयसी, म्युच्युअल फंड, सगळीकडची नॉमिनी नावं बदला, घटस्फोटाने ती आपोआप बदलत नाहीत. मेडिक्लेम त्यांच्या पॉलिसीत असाल तर डिक्रीच्या आधीच स्वतःची आणि मुलीची वेगळी काढून घ्या, जुन्या पॉलिसीची वर्षं पुढे धरून मिळतात का ते आधी विचारून, म्हणजे वेटिंग पीरियड पुन्हा पहिल्यापासून मोजावा लागणार नाही.

तुम्ही पतसंस्थेच्या कर्जाची रक्कम पत्रात लिहिलेली नाही, आणि ते चालू आहे की थकलंय तेही नाही. सोमवारी संस्थेत जाऊन कर्ज खात्याचा उतारा काढा आणि ताळेबंदातला तुमच्या कॅपिटलचा आकडा मिळाला की दोन्ही मला कळवा. कर्ज ८-१० लाखाच्या घरात असेल तर माझा तो तिसरा पर्यायही परत मांडावा लागेल, मग फ्लॅटच्या लोनआधी पतसंस्था बंद करा म्हणून मी सांगेन.